तांदळानंतर कोण

चंदनझिऱ्यात माझी गिरणी आहे, रोलिंग मिलच्या भिंतीला लागून.
दगड एकच.
त्याच्यावर गहू दळला की मागच्याच्या ज्वारीत
मूठभर गहू जातोच. कितीही झटका,
दगड थोडं धरून ठेवतो.
म्हणून पाटी लावलेली: सकाळी ज्वारी-बाजरी, दुपारनंतर गहू.
तांदळाचं पाटीवर काही नव्हतं.

सालगे आली ती तांदूळ घेऊन.
भिजवलेला, अर्धवट वाळवलेला, डब्यावर ओलं फडकं.
नवरा भट्टीवर. गाव झारखंडात, तीन गाड्या बदलून.
म्हणाली, पिठा.
मी म्हणालो, पीठच करतो बाई, दुसरं काय करतो इथं.
हसली. तो पदार्थ असतो, हे मला फार उशिरा कळलं.

ओलसर तांदळानं दगड बसला.
टाकी लावण्यात अर्धा दिवस गेला.
रांगेतल्या बाया तिच्याकडं नाही, डब्याकडं बघत होत्या.
"तिच्यामागं आमची ज्वारी टाकू नका. पीठ आंबतं."
खोटं नव्हतं. आंबतं.

मग आम्ही तिला शिकवलं.
कडक वाळवून आण. जाडसर म्हण, बारीक म्हण. पैसे आधी.
सगळं शिकली. चिपटं, पायलीसुद्धा,
जे माझ्या पोराला येत नाही.
तरी तिचा डबा शेवटीच, शटर ओढायच्या वेळी,
कारण तिच्यानंतर कोणीच नको.

एकदा म्हणालो, मिसळून जाशील हळूहळू.
ती डबा पुसत होती. बोलली नाही.
कोणात मिसळू, असं तिनं विचारलं असतं तर
माझ्याकडं रिकामी पाटी होती फक्त.

त्या रात्री तिच्यामागं माझ्या घरचं दळण टाकलं.
पोरगा म्हणाला, भाकरीला आज काय झालंय?
खा, म्हणालो.

पुढच्या खेपेला गयाबाई दाभाडे आपणहून:
"माझं टाका. मला दात नाहीत, मला काय कळतंय."
द्रौपदाबाई मात्र नाक्यावरच्या गिरणीत जायला लागली,
तिच्या दोन जावाही. महिन्याला चाळीस किलो गेले.

पाटी नव्यानं रंगवली.
तांदूळ: गुरुवारी सकाळी. त्यामागं:
पुढं जागा सोडलीय. खडूनं नाव लिहायचं.
तीन गुरुवार भरली.

आज गुरुवार. पट्टा फिरतोय.
सालगे जोहार म्हणाली. मीही जोहार म्हणालो.
तिचं दळण होत आलंय,
आणि आम्ही दोघं रस्त्याकडं बघतोय.