ओहोटीची वेळ

कालामात पाऊस म्हणजे ऐकीव गोष्ट.
मी तांब्याच्या खाणीत ट्रक चालवते
आणि माझी यानिरा, वय अकरा,
बादलीत बाटल्यांची झाकणं सोडून
त्यांना खेकड्यांची नावं देते.

म्हणून रजा काढली, किनाऱ्याने घरं बघत निघालो.
आंतोफागास्ता, आठवा मजला. एजंट पडदा सारतो:
"बघा, खिडकीभर समुद्र!"
ती विचारते, "ओहोटी किती वाजता?"
तो फोनमध्ये शोधू लागतो.
काल्देरात शाळा चांगली, भाडं पगाराच्या निम्मं.
मालक म्हणतो, काचा दुहेरी आहेत,
लाटांचा अजिबात त्रास नाही.
यानिरा माझी बाही ओढते.

तोंगोयला नुसत्या दोन खोल्या,
भिंतीला ओल, नळाला गंज, वास तर विचारूच नका.
एर्मिंदाबाई शिंपल्यांवरचं शेवाळ खरवडत होत्या,
घर दाखवायला उठल्याही नाहीत.
"ओहोटी?" सुरी न थांबवता म्हणाल्या,
"पहाटे चार वीसला. बूट आण.
आणि उलटलेला दगड होता तसा ठेवायचा.
खाली कुणीतरी राहतं."

रात्री हिशेब मांडला:
सात दिवस खाण, सात दिवस घर, मधे बसचं भाडं.
आकडे जुळेनात.
चारला ती बूट घालून दारात.
मला पोहता येत नाही
हे तिला कधी सांगितलं नव्हतं. टॉर्च घेतला.

घोटाभर पाण्यात तिने एक दगड उचलला,
पाहिलं,
आणि इतक्या हळू परत टेकवला
की कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखी
मीच दोन पावलं मागे सरले.