ओलीची वजावट

आजोबांच्या वहीत पहिल्याच पानावर,
श्रीकाराखाली, ठसठशीत मोडीत:
टोपलीमागे दोन शेर वजा, ओलीचे.
पावसाळ्यात ठीक.
खरं नोंद वैशाखातली आहे,
लोंढ्यापलीकडच्या टेंबावर
पाचोळा पायाखाली वाजत होता तेव्हाची.

मालक गुंडोपंत रामाजी असोगकर.
आधी खानापुरात कौलांचे ठेकेदार.
मग एका गवळ्यानं म्हशी चारताना सापडलेला
काळा, आकाराच्या मानानं फार जड दगड आणला,
पंतांनी तो जिभेला लावून बघितला म्हणतात.
चव कसली, कुणाला सांगितली नाही.
गवळ्याला धोतरजोडी मिळाली.
त्याचं नाव वहीत नाही.

विलायतेत तोफा ओतत होते.
घाटातून ब्रेक दाबत, ठिणग्या उडवत
वॅगनी मुरगावला उतरायच्या
आणि बेळगावात पंतांच्या घरावर मजला चढायचा.
चोवीस साली अधिवेशनाच्या तंबूंना खांब त्यांनी दिले,
त्याच आठवड्यात कलेक्टरच्या बंगल्यावर
कॅम्पातल्या बेकरीचा केक पाठवला.
दोन्ही खर्च एकाच खात्यात: 'किरकोळ'.

शनिवारी पगार.
वडार, लमाणी, कोंगळ्याकडचे धनगर
रांगेनं अंगठे उठवायचे.
शाईची डबी लागत नसे,
मँगनीजनं अंगठे काळेच असत.
महिन्याला सहा आणे वाचले त्यात, आजोबा सांगायचे.
अभिमानानं सांगायचे.
ते मला अजून कुठं ठेवावं कळत नाही.

पुढं पंत कौन्सिलात गेले.
मत द्यायचं तर सारा भरलेला हवा.
टेंबावरच्या चारशे माणसांत
तसा एकच निघाला, पंत.
त्या टेंबाचं एकूण एक मत त्यांना पडलं.

पुण्याच्या बैठकीत त्यांनी प्रश्न विचारले:
खनिजाचं रेल्वेभाडं टनामागं चार आणे का चढलं,
नदीवरचा पूल कधी,
पुन्हा रेल्वेभाडं,
आणि एकदाच, खाणीवरच्या बायका
कोंबडीसारख्या चवड्यांवर का चालू लागतात,
सरकारनं डॉक्टर पाठवला आहे काय?
उत्तर आलं: डॉक्टर माननीय सभासदांनी स्वतः का ठेवू नये?
पुढं कंसात छापलंय, हशा.

आल्यावर त्यांनी दवाखाना काढला, नाही असं नाही.
एक कंपाउंडर, दोन बाटल्या,
लाल आणि पिवळी.
तिप्पव्वा वडराला लाल लागू पडली नाही, मग पिवळी दिली.
कंपाउंडरनं लिहिलं: वात.
पोराला तिच्या जागी लावून घेतलं,
अर्ध्या मजुरीवर.

"खरं माणूस वाईट नव्हता की रे,"
आजोबा म्हणायचे, कपातला चहा बशीत सांडत.
"माझ्या लग्नात पाच रुपये आणि पितळी समई दिलेला.
मतं मागायला आला तर चप्पल बाहेर काढून आत यायचा."
समई अजून आहे. घासली की पिवळी होते.

पंतांच्या नावाची पाटी रस्त्यावर होती,
एका रात्री कुणीतरी डांबर फासलं.
कुठल्या अक्षरांवर, कुणी,
हे तुम्ही विचारणारच. मी सांगत नाही.
खाली नाव पंतांचंच होतं, दोन्ही लिप्यांत.

मी वहीच घेऊन बसतो.
पहिल्या पानावर बोराएवढी अक्षरं.
साठाव्या पानावर ज्वारीएवढी.
मी आधी समजलो कागद वाचवत असतील.
मग एका डॉक्टर मित्रानं वही चाळली
आणि विचारलं, आजोबा काट्याजवळ किती वर्षं बसायचे?
धूळ कुठल्या अंगाला उडायची?

शेवटच्या पानावर मोहरी.
पंत वारले त्या दिवशीची नोंद,
खाण अर्धा दिवस बंद, उरलेल्या अर्ध्यात सत्तर टोपल्या,
आणि पुढं वजावट.
भिंगाखाली धरतो, उजेडाकडं वळवतो.
दोन आहे, का नुसता टिंब,
का हात थरथरल्याचा डाग.

सत्तर टोपल्या मात्र वाचता येतात.