बुडाखाली हात

पंखा बंद कर, म्हणतोस.
मे महिना, माझगाव, खिडकीखाली रस्ता खणलेला,
आणि पंखा बंद.
बांगड्या काढ. अंगठीपण.
काढली. बोटावर पांढरा वळ राहिला
छत्तीस वर्षांचा.

पलंगावर चादर दुहेरी अंथरलीय, कडेने उशा,
कुणी पडलंच तर मऊ पडावं.
तू खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून,
म्हणजे ते थरथरताना मला दिसणार नाहीत.
नाही दिसत.
खुर्ची वाजते.

काचेच्या कपाटात एवढी धूळ येते कुठून?
फटीतून, म्हणतोस.
गोदीची काळी, रस्त्याची पिवळट,
समोरच्या टॉवरची राखाडी.
तिन्ही वेगळ्या ओळखतोस तू,
वाण्याने डाळी ओळखाव्या तशा.

पहिली मेंढपाळीण.
कुठल्यातरी थंड देशातली, गालांवर लाली,
मोईझभाईच्या दुकानात शिवणयंत्रांमागे सापडलेली.
पैसे माझ्या पगारातले. दोन दिवस मी बोलले नव्हते.
मी तिला कमरेत धरते
आणि तू ओरडतोस.
कंबर नाही, हात नाही, मान तर नाहीच नाही.
आधी बुडाखाली हात, दुसरा पाठीला,
बाळाला न्हाणीवर नेताना धरतात तसं.
आपल्याकडे ती वेळ आली नाही.
तुला हे शिकवलं कुणी?

ब्रश खारीच्या केसांचा, आठ नंबर.
वरून खाली. आधी केस, मग कपाळ,
मग झग्याच्या चुण्या, एकेक.
घासू नकोस गं,
धुळीला नुसतं सांग, की ऊठ.
पाणी? पाणी फक्त चिनीमातीला,
तेही बॅटरीवाल्याकडचं, कापसाच्या काडीवर, पिळून.
काच पुसायचं निळं पाणी
रंगवलेल्यांना दाखवूसुद्धा नकोस.
आणि प्लास्टरला थेंब नाही. एकसुद्धा.

माझ्या कपाळावरून घाम निघतो,
भुवईशी येऊन थांबतो.
तू त्याच्याकडे बघतोयस, माझ्याकडे नाही.
'मागे हो,' म्हणतोस हळूच,
'सारंगीवाला प्लास्टरचा आहे.'

माहीत आहे मला.
मला नाही तर कुणाला?
तू नागपूरला ऑडिटला गेला होतास,
मी पदर खोचून धडाधड फडकं मारत होते,
आणि त्याची करंगळी टिचकन
फरशीवर, तांदळाएवढी.
फेविक्विकने चिकटवली. पिवळा गोळा राहिला.
मग त्याला जरा भिंतीकडे वळवून ठेवला
आणि तू आल्यावर पुरणपोळी केली,
सणवार नसताना.

आज ब्रश त्या बोटापाशी येतो
आणि गोळा नाही.
सांधा घासलेला, वर बारीक लेप,
बाकीच्या बोटांसारखाच गव्हाळ रंग,
आणि टोकाला नख.
मी चिकटवलं तेव्हा नख नव्हतं.
एका केसाच्या ब्रशने, श्वास धरून
काढलेलं असणार.
कधी? मी बँकेत असताना?
तेव्हा तुझे हात दगडासारखे स्थिर होते.
तोंडही.

'थांबलीस का?'
धूळ आहे.
'कुठली?'
घरातली, म्हणते मी.
तू थोडा वेळ काही बोलत नाहीस.
खाली ड्रिल सुरू होतं, काच किणकिणते,
मी सारंगीवाल्याला बुडाखाली हात घालून परत ठेवते.
या वेळी तोंड खोलीकडे.

मग हत्ती, शिसवी, तळव्याएवढा,
सोंडेच्या वेटोळ्यात ब्रश जात नाही.
तो रबरी फुगा घे, म्हणतोस, कॅमेऱ्याचा.
मी तो घेते आणि तुझ्यासमोर धरते.
नको, म्हणतोस. सांडेन मी काहीतरी.
हत्ती माझ्या हातात आहे, म्हणते. तू फक्त फुगा धर.

मांडीखालून उजवा हात येतो, वळ पडलेला.
फुग्याभोवती बोटं मिटतात
आणि आपोआप, न थांबता,
फुस फुस फुस फुस.
सोंडेतून राखाडी भुगा उडतो, थेट माझ्या चष्म्यावर.
'टॉवरची,' म्हणतोस तू.

अजून बारा राहिलेत.