मुनवा

सोहारच्या चर्चमागे, जनरेटरच्या खोलीला लागून
आम्हा मराठी लोकांना पाऊण तास मिळतो.
शुक्रवारी, मल्याळी उपासना सुटली की,
आणि फिलिपिनो गिटारी जुळायच्या आत.
मी खजिनदार. रियाल वेगळे, बैशांची चिल्लर वेगळी.
एका शुक्रवारी माणसं सात, दान पावणेदोन रियाल.
तेही लिहिलं. वहीला लाज नसते.

सातांतही दोन बाजू.
खिडकीकडे इनास तुस्कानो, आगाशीचा, बंदरावर क्रेन चालवणारा.
दाराकडे शांतवन उमाप, राहुरीचे, दवाखान्यात रक्त तपासणारे.
प्रभूच्या प्रार्थनेत पित्या म्हणायचं की बापा
यावरून चार वर्षं अबोला.
म्हणजे देवाशी बोलायचे दोघं. एकमेकांशी नाही.
त्या एका शब्दापाशी आमची प्रार्थना
दर आठवड्याला ठेचाळायची.
मुलं हसायची.
मग मुलं यायचीच बंद झाली.

फादर देवस्सी कोट्टयमचे.
मराठी स्वतःच्या लिपीत लिहून घेतात आणि वाचतात.
क्रियापदं घसरतात,
पण ळ असा घट्ट, असा भरीव,
की इथेच जन्मलेल्या आमच्या लेकरांनी शरमावं.
ती फळाला फल म्हणतात, बाळाला बाल.

मुनवा त्यांनीच आणला,
सहमच्या एका बागवानाकडून, ओल्या गोणपाटात.
प्रवचन नाही. एसीच्या नळीखाली खड्डा खणला,
टपटपत्या पाण्याकडे बोट दाखवलं, हात धुतले.
आम्ही आत गारव्यात बसायचो
आणि आमच्याच श्वासांची वाफ
पाणी होऊन बाहेर ठिबकायची.
सात जणांच्या श्वासांत भागेल
तेवढी ती केळ वाढली.

जुलैत एसी बंद पडला.
सुटा भाग दुबईहून यायचा होता. आज. उद्या. ईदनंतर.
पानं कडेने करपली.
मार्था पाटोळे, एका घरी कामाला, गप्प बसणारी,
दारात उभं राहून म्हणाली,
मला महिन्यातून एकच सुटी,
नाहीतर मीच आले असते रोज.

कुणी वर बघेना.
मी वहीची मागची बाजू उघडली, रकाने आखले.
रविवार माझा. मंगळवार इनासचा. बुधवार उमापांचा.
पुढे बंदरावर इनासची पाळी बदलली
आणि बुधवारी रात्री दोघं एकाच वेळी आले.
काय बोलले ठाऊक नाही.
बादली एकच होती.

नोव्हेंबरात केळफूल लोंबलं.
बघायला म्हणून मुलं आली, मुलांमागे आया.
माणसं एकोणीस, लिहिलं.
फादरनी लहानग्या एस्तेरला समोर उभं केलं: म्हण, केळ.
केल.
पुन्हा म्हण.
केल.
राहू दे, म्हणाले, पिकायला वेळ लागतो.

घड उतरला तेव्हा पानं मल्याळ्यांनी नेली,
केळफूल फिलिपिनो बायकांनी आधीच मागून नेलं होतं.
वसईच्या वेलचीची चव नाही, इनास म्हणाला,
आणि चार खाल्ली.

घड दिलेली केळ पुन्हा देत नाही.
त्यानेच कोयता मारला.
खोडातून पाणी निघालं, कितीतरी,
पायांपर्यंत आलं.
आमचंच.
बुडाशी तीन मुनवे, चिखल माखलेले.
कुठला ठेवायचा, यावर पुन्हा वाद.

मार्चमध्ये उमापांची साठ भरली, व्हिसा संपला.
जाण्याआधी वही मागितली.
बुधवारापुढचं आपलं नाव स्वतःच खोडलं
आणि वर लिहिलं, रक्ताच्या बाटलीवर लिहितात
तशा बारीक अक्षरात: इनास.

त्या शुक्रवारी दाराकडची खुर्ची रिकामी.
प्रार्थना त्या शब्दापाशी आली.
इनासच्या तोंडून बापा निघालं.
पित्या म्हणून पुढे गेलेले आम्ही सगळे
मागे वळून थांबलो.