माया

शिंप्याच्या भाषेत माया म्हणजे
शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं कापड.
पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच, कधी दोन.
गिऱ्हाईक मागत नाही, आपणच ठेवायची.
सराफ्यात रात्री बाराला भुट्ट्याचा कीस खाणारं गाव हे,
एवढं कळायलाच हवं.

रेवाळे मास्तर लग्नाच्या सुटाला आले तेव्हा तीस.
वही आहे माझ्याकडे, लाल पुठ्ठ्याची.
मुलाच्या मुंजीत चौतीस. निवृत्तीला एक्केचाळीस.
दर वेळी मी माया उसवून दिली,
दर वेळी ते म्हणाले, "हेंद्रे, कापड आटलं हो तुमचं."
मी म्हणायचो, "इंदूरचं पाणी, मास्तर."

मग एका दिवाळीत टेप भरला सदतीस.
मी टाळी दिली, म्हटलं, जवान झालात!
ते हसले, आणि पाणी मागितलं,
मग आणखी मागितलं,
माठाशी उभे राहून प्याले.
मला काय ठाऊक, ती तहान कसली.

काल जेल रोडच्या दवाखान्यात
पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी टेप काढला.
माझ्यासारखाच, पिवळा, टोकाला पत्रा.
चाळीस वर्षांत माझी कंबर कुणी घेतली नव्हती.
मी श्वास ओढून धरला.
"काका, सोडा."
सोडला. अडतीस.

"हातपाय तर काड्या आहेत माझे."
"म्हणूनच," त्या म्हणाल्या.
चिमटीत येते तिची एवढी भीती नाही.
आत, यकृताला बिलगून, आतड्यांच्या घड्यांत बसते
ती स्वस्थ बसत नाही, रक्तात काहीबाही सोडत राहते.
मग इन्सुलिन कडी वाजवतं,
आणि आतून कुणी उठत नाही.
त्यांनी कागद पुढे सरकवला. शुगर, ट्रायग्लिसराइड, बीपी.
आकडे मला वाचता येतात. धंदाच आहे.

रात्री वही उघडून बसलो.
पानापानावर कंबर वाढत गेलेली,
काही पानं मधेच कोरी.
कितीजणांचं मला डॉक्टरच्या आधी कळलं होतं,
बोटांना कळलं होतं,
आणि मी उसवत राहिलो.

सकाळी बँकेतला एक पोरगा आला.
बत्तीसची चौतीस, अजून तिशी नाही.
"काका, माया जरा जास्त ठेवा."
खडू हातातच राहिला.
"पाणी किती लागतं रे तुला," मी विचारलं,
"रात्रीचं?"