दशांशानंतरचा दुसरा अंक

मजमुदार साहेब निवृत्त झाले त्या शुक्रवारी
अकोट्याच्या ऑफिसात केक आला
आणि भाषणात कुणीतरी म्हणालं,
"ह्या कंपनीचा दर्जा म्हणजे साहेब."
टाळ्या. मीही वाजवली.
सोळा वर्षं चुका शोधण्याचा पगार घेतेय,
न तपासता पास केलेलं
ते माझं पहिलंच वाक्य.

साहेबांनी कोडची एक ओळ लिहिली नाही कधी.
पासवर्ड विसरले की माझ्या टेबलाशी यायचे,
चष्मा कपाळावर, चेहरा दप्तर हरवलेल्या पोराचा.
आमचं सॉफ्टवेअर दुधाच्या मंडळ्यांचं:
डभोईकडे, पादऱ्याकडे पहाटे किटल्या रांगेला लागतात,
फॅटचा आकडा उमटतो, पैसे ठरतात.
त्या हिशेबाचा गाभा लिहिला कुणा फणसेनं,
तो दोन हजार नऊलाच कॅनडाला गेला,
मागे एक टीप ठेवून:
"इथे हात लावू नये. चालतंय."
ह्या 'चालतंय'वर तीन साहेब आले, बसले, गेले.

मग दर्जा कुणाचा? फणसेचा?
की रात्री अडीचला सर्व्हर उठवणाऱ्या इम्तियाजचा,
ज्याला केकचा तुकडा पोचलाच नाही?

पण एक दुपार आठवते.
उद्या नवी आवृत्ती जायची, आणि मी म्हटलं,
दशांशानंतरचा दुसरा अंक गळतोय,
सहा पूर्णांक अठ्ठेचाळीसचं सहा पूर्णांक चार होतंय.
सगळ्यांनी चहात पाहिलं.
साहेबांनी विचारलं, "एका बाईला महिन्याला किती कमी?"
अकरा रुपये चाळीस पैसे.
"तो पछी काले नहीं."
एवढंच. पुन्हा चहा.

(आदल्याच वर्षी त्यांनीच
तपासणीची माणसं सातावरून तीनवर आणली होती.
हेही लिहायला हवं.)

नवे वैष्णव साहेब कधी आवाज चढवत नाहीत.
भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर सगळं हिरवं.
चूक सांगितली की हसून म्हणतात, "नोंद घेतली."
कोड तोच. माणसं तीच. फणसेची टीप तीच.
तिसऱ्या महिन्यात चारुल माझ्यापाशी आली, हळूच,
"ताई, एक सापडलंय. सांगू का?"

हे 'का' पूर्वी नव्हतं.
पडद्यावर त्याला रंग नाही.

पुरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर आली तेव्हा
लोक म्हणाले, पाण्यानं आणली.
मी रोज काळा घोड्याच्या पुलावरून जाते.
कोरड्या वैशाखातही त्या खाली असतात,
गाळात, जुन्या टायरसारख्या.
विश्वामित्रीनं फक्त त्यांचा पत्ता बदलला.
कुणी पुलावरून वाकून पाहतं,
कुणी काच वर करतं,
आणि वाकायची मुभा आहे की नाही
हे कुठेतरी वर, वातानुकूलित खोलीत ठरतं.
किती टक्के ठरतं, मला काढता आलं नाही.
दुसरा अंक इथेही गळतोच.

चारुलला म्हटलं, सांग. मी शेजारी बसते.
तिनं सांगितलं. नोंद घेतली गेली.
मग कुणी न सांगता, शनिवारी येऊन
तिनं ते दुरुस्त केलं,
आणि फणसेच्या ओळीखाली लिहिलं:
"हात लावला आहे."
खाली नाव. तारीख.