खिशांची झडती

मोगामी नदीकाठच्या आमच्या बालवाडीत
मी शिकवत नाही. मी धुते.
अठ्ठावीस जोड रबरी बूट, अठ्ठावीस एप्रन,
आणि पाण्यात टाकण्याआधी
प्रत्येक खिसा उलटा करून बघते.

कॅलेंडर लागत नाही मला.
ओकची बोंडं खुळखुळली की ऑक्टोबर.
ती आधी उकळावी लागतात,
नाहीतर रात्रीतून पांढऱ्या अळ्या निघतात
आणि सकाळी फरशीवर वळवळतात.
एकदा उकळायची राहिली.
साडेतीन वर्षांची काझुहा
एक अळी तळहातावर घेऊन जेवणापर्यंत हिंडली,
ज्याला त्याला सांगत, की ही गुदगुल्या करते.
आणि गिंकोची पिकली फळं ज्याने खिशात कोंबली
त्याचा एप्रन वेगळ्या बादलीत.
त्या वासाबद्दल नको विचारू.

जानेवारीत खिसे नुसते ओले.
आईला दाखवायला म्हणून रोज बर्फ भरतात,
रोज पाणी होतं,
रोज तितकंच आश्चर्य.

चिगुसाबाई संध्याकाळी वाट्यांत पाणी ओतून
बाहेर कट्ट्यावर मांडून ठेवतात,
एकीत कॅमेलियाची पाकळी, एकीत लोकरीचा धागा,
एकीत कुणाची तरी हरवलेली गुंडी.
सकाळी वाटी पालथी घालून ठोकली
की हातात काचेची भाकरी.
मुलं ती गालाला लावतात, मग जिभेला,
मग डोळ्यासमोर धरून सूर्याकडे बघतात.
सूर्यात गुंडी दिसते.

इबुकी बघत नाही.
म्हणजे बघतो, पण दुरून.
त्याच्या खिशात वर्षभर एकच वस्तू,
चार घड्यांचा कोरडा रुमाल.
बटाट्याचं सत्त्व पाण्यात कालवलं त्या दिवशी,
मुठीत आवळलं तर दगड, सैल सोडलं तर दूध,
सगळ्या वर्गाने किंचाळून छप्पर डोक्यावर घेतलं
आणि हा हात पाठीमागे बांधून उभा,
तपासणीला आलेल्या साहेबासारखा.
चिगुसाबाई त्याला म्हणाल्या नाहीत, की ये.
चमचा तेवढा त्याच्या बाजूला सरकवून ठेवला.

एप्रिलात बर्फ उतरला की चिखल.
लिबलिबीत, बुळबुळीत, मग चिकट, मग घट्ट,
आमच्या मागच्या अंगणात सगळ्या जातींचा मिळतो.
मुलं त्याचे गोळे वळतात,
वरून कोरडी धूळ भुरभुरवतात, अंगठ्याने घासतात,
पुन्हा धूळ, पुन्हा घासणं,
चार-पाच दिवसांत त्यात तोंड दिसायला लागतं.

इबुकीचा खिसा मी बघितला नाही.
त्याच्या खिशात काय असणार!
यंत्राच्या काचेमागे पाणी अचानक तपकिरी फिरलं
तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.
उरला फक्त रुमाल, चहात बुडवल्यासारखा.
कुणाला न सांगता सहा दिवस घासत होता, म्हणे.
बूटघराच्या मागे. एकटा.

दुसऱ्या दिवशी मीच त्याच्यापुढे उकिडवी बसले,
झालं ते सांगितलं.
रडेल वाटलं होतं.
त्याने विचारलं, "ते पाणी कुठे गेलं?"

मी त्याला मोरीमागे नेलं,
जिथे पाइप संपतो आणि जमीन कायम ओली असते.
त्याने बाही वर केली. स्वतःची नाही, माझी.
सतरा वर्षं साबणात भिजलेला हा हात,
बोटांची टोकं पार बथ्थड,
गरम भांडंही उशिरा कळतं मला.
मनगट धरून त्याने तो सरळ आत खुपसला.

"थंड आहे?"
"आहे."
"मऊ?"

मी बोटं हलवली. एक खडा लागला,
मग मुळासारखं काहीतरी, मग
"थांब," म्हटलं. "सांगते."